डॉक्टरबाईंच्या डिकीतला दिवा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दत्ताअण्णा समोर आलेल्या माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीची डिकी उघडायला लावतात.

उघडली की कमरेत वाकतात, एक हात आत घालून छताच्या कडेने फिरवतात आणि मग वळून विचारतात, "दिवा कुठाय?"

दिवा असला तर "हं" म्हणतात. नसला तर त्या माणसाकडे असं बघतात, जणू त्याने आपल्या म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलंय. आमच्या वरच्या मजल्यावर एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. नवऱ्या मुलाचे वडील गाडीतून उतरले तेव्हा अण्णा खाली भाजीची पिशवी घेऊन उभे. पाहुण्यांना वाटलं हेच मुलीचे काका. त्यांनी मुकाट्याने डिकी उघडून दाखवली. "एवढी मोठी गाडी, आणि मागं अंधार?" अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं. मुलीच्या आईने बाल्कनीतून हे ऐकलं आणि तिच्या हातातलं उप्पिटाचं ताट हललं. लग्न मात्र ठरलं. आणि लग्नाच्या आधी त्या गृहस्थांनी डिकीत दिवा बसवून घेतला, तो दाखवायला खास अण्णांकडे आले. अण्णा "हं" म्हणाले.

"गाडी पुढनं बघायची नसते, डॉक्टरबाई," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "पुढं सगळेच पावडर लावतात. मागं बघा. कंपनीनं कुठं हात आखडलाय ते तिथं कळतंय."

डॉक्टरबाई म्हणजे मी. मी जनावरांची डॉक्टर. मूळची पुण्याची, आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहते. आनेकलकडच्या खेड्यांमधून दूध गोळा करणारी एक छोटी डेअरी आहे, तिच्या शेतकऱ्यांच्या गाई-म्हशी माझ्याकडे. रोज सकाळी आयटीतली सगळी माणसं ज्या दिशेने येतात, त्याच्या उलट दिशेने मी जाते. बेंगळुरूत राहून ट्रॅफिक न लागणारी मी एकटीच असेन.

अण्णा निपाणीचे. तरुणपणी इकडे आले आणि एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगवर लागले, ते रिटायर होईपर्यंत तिथेच. पॅनेल म्हणजे ते लोखंडी कपाट, ज्याच्यात हजारो वायरी असतात आणि ज्यावर कवटीचं चित्र असतं. अण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, टेस्टर असतो. वायरींचे जुडगे ते मेणाच्या दोऱ्याने गाठी मारून बांधतात. प्लॅस्टिकची पट्टी लावणाऱ्या माणसाशी ते फार बोलत नाहीत. कोथिंबिरीची जुडीसुद्धा घरी आली की सोडून पुन्हा त्यांच्या पद्धतीने बांधली जाते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर पाहिजे हा त्यांचा धर्म. त्यांच्या मिक्सरच्या वायरीला नंबर आहे. इस्त्रीला आहे. मोहरीच्या डब्यावर ४-अ आणि जिऱ्याच्या डब्यावर ४-ब असं लिहिलंय, कारण दोन्ही एकाच फोडणीला जातात.

माणसांचं निदानही याच भाषेत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी "माणूस चांगला, पण अर्थिंग नाही." पेपरवाला "लूज कॉन्टॅक्ट." मला त्यांनी आल्या आल्या "जरा ओव्हरलोड" असं ठरवून टाकलं होतं, आणि ते खरं होतं.

आता माझ्या डिकीबद्दल. माझी गाडी जुनी, लहान, सेकंडहँड. तिच्या डिकीत माझा सगळा दवाखाना: सलाईनच्या बाटल्या, सुया, दोर, लांब हातमोजे, औषधांच्या तीन पेट्या. दिवा नव्हता. अण्णा दर आठवड्याला आठवण करून द्यायचे, मी दर आठवड्याला "बघू या" म्हणायचे. मोबाईलचा टॉर्च दातात धरून माझं चाललं होतं.

मग एका संध्याकाळी ते घडलं. एक गाय व्यायली होती आणि कॅल्शियम कमी होऊन आडवी पडली होती, मान वळवून, कान गार. अशा गाईला शिरेतून कॅल्शियम दिलं की अर्ध्या तासात उठून उभी राहते. मालकाचं सगळं घर तिच्याभोवती बसलेलं. मी पळत गाडीकडे आले, टॉर्चही न लावता डिकीतून बाटली उचलली, सुई लावली, शीर शोधली आणि सुई टोचणार एवढ्यात घरातल्या कुणीतरी कंदील पुढे केला. माझ्या हातात जंतांच्या औषधाची बाटली होती. तोंडाने पाजायचं औषध. तोच आकार, तसंच झाकण. शिरेतून गेलं असतं तर गाय माझ्या हाताखाली मेली असती.

बाटली बदलली, गाय उठली, मला कॉफी मिळाली. कुणाला काही कळलं नाही. पण घरी येऊन जिना चढले तेव्हा अण्णा दारात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमतच नव्हती.

मला वाटलं, आता ते म्हणणार, मी सांगत होतो. ते म्हणाले नाहीत. खिशातला टेस्टर काढून उगाच बघितला, परत ठेवला.

"रविवारी सकाळी सात," एवढंच म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

रविवारी सात वाजता मी बेसमेंटमध्ये उतरले तेव्हा अण्णा आधीच तिथे होते. पायाशी हत्यारांची पेटी, पेटीवर ग्राफपेपर. त्यावर माझ्या डिकीचा नकाशा. लाल रेघ, काळी रेघ, बाणांच्या खुणा. खाली कोपऱ्यात तीन रकाने: आखणार, तपासणार, मंजूर. पहिल्या दोन ठिकाणी त्यांची सही होती.

"मंजूर करा."

"अण्णा, मला यातलं काय कळतंय?"

"मंजूर करणाऱ्याला कळावं लागत नाही. आमच्या कारखान्यात कुणाला कळत होतं? सही करा."

मी सही केली.

त्यांनी आधी बॅटरीची एक वायर काढली. मग मला समजावलं. दिवे दोन. एक आत, पेट्यांवर उजेड पाडणारा. दुसरा डिकीच्या झाकणाला आतल्या बाजूने, म्हणजे झाकण वर केलं की उजेड खाली आणि बाहेर, जमिनीवर पडेल. "तुमचा पेशंट काय डिकीत झोपणार नाही," ते म्हणाले. करंट गाडीच्या छतावरच्या दिव्याकडून आणायचा, मधे फ्यूज घालायचा. आणि फ्रिजच्या दाराला असतं तसं बटण: झाकण लागलं की ते दाबलं जाणार आणि दिवे बंद.

ऐकायला हे सगळं दहा मिनिटांचं वाटतं. छताच्या कडेने वायर सरकवण्यात नाश्त्याची वेळ गेली. मग खरा प्रश्न आला. गाडीच्या अंगातून झाकणात वायर जायला एकच वाट असते, एक बोटभर जाडीची, घड्या पडलेली रबरी नळी. तिच्यात कंपनीच्या वायरी आधीच कोंबलेल्या. अण्णांची वायर अर्ध्यात जायची आणि थांबायची. ढकलली तर वाकायची, ओढली तर बाहेर यायची.

"जा की, बाई," अण्णा वायरीला म्हणाले. "जा की. तिथं तुझं काम आहे."

ती गेली नाही. मग त्यांनी मला वर पिटाळलं, टाल्कम पावडर आणायला. पावडर रबरात फुंकायची, म्हणजे वायर घसरते. अण्णांनी जोरात फुंकलं. नळी पुढे कंपनीच्या वायरींनी तुंबलेली असल्यामुळे सगळी पावडर परत आली. चष्मा, मिशा, भुवया, सगळं पांढरं. चंदनाचा वास बेसमेंटभर पसरला. पण वायर सुळकन पलीकडे गेली आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यात अण्णांचे दात दिसले.

सांधे डाग देऊन पक्के झाले, त्यांवर रबरी कातडी चढली, दोऱ्याच्या गाठी बसल्या, दोन्ही टोकांना नंबर लागले. एकाही स्क्रूच्या तोंडाला ओरखडा नव्हता. बॅटरी जोडली. अण्णा मागे सरकले, दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"उघडा, डॉक्टरबाई."

मी डिकी उघडली. अंधार.

मी डिकी लावली. मागच्या काचेतून झाकणाचा दिवा लखलखीत पेटलेला दिसला.

पुन्हा उघडली. अंधार.

अण्णा पेटीपाशी वाकले. मग हळूच ग्राफपेपर उचलला, उजेडात धरला आणि अतिशय दुःखाने म्हणाले, "मंजूर कुणी केलं होतं हे?"

बटण उलट्या जातीचं निघालं होतं. त्याला तीन टोकं होती, वायर मधल्यावरून तिसऱ्यावर घेतली की झालं. अण्णांनी ते पाच मिनिटांत केलं, पण ते करताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आता उघडलं की उजेड. काय उजेड! माझ्या तीन पेट्या, प्रत्येक बाटली, बाटलीवरचं बारीक अक्षर. मी टाळ्याच वाजवल्या.

"थांबा," अण्णा म्हणाले. "बंद होतोय हे कशावरनं?"

"काचेतून दिसत नाही म्हणजे बंदच की."

"वरचा दिसत नाही. आतला तुमच्या पेट्यांच्या मागं आहे. तो जळत राहिला तर सकाळी बॅटरी खलास. गाय तिकडं, तुम्ही इकडं."

"मग मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवू."

अण्णांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "चौतीस वर्षं पॅनेल माझ्या डोळ्यांनी तपासलं," ते म्हणाले, "आणि आता फोनला विचारू?" चष्मा काढून माझ्या हातात दिला, पेट्या बाहेर काढल्या आणि डिकीत शिरले. सडपातळ माणूस, पण उंच. गुडघे हनुवटीला, डोकं स्टेपनीच्या फुगवट्यावर. "लावा."

मी लावली.

आतून आवाज आला, "बंद झाला! शंभर टक्के बंद! उघडू नका, अजून एकदा बघतो!"

नेमक्या त्याच वेळी आमचा वॉचमन मल्लप्पा राउंडवर आला. त्याला दिसलं ते असं: एक बाई, हातात पाना आणि एका म्हाताऱ्या माणसाचा चष्मा. जमिनीवर दोर आणि सुया. आणि गाडीच्या डिकीतून एक पुरुष त्याला न कळणाऱ्या भाषेत ओरडतोय. मल्लप्पाने शिट्टी वाजवली. एवढी वाजवली की पहिल्या मजल्यापर्यंतची माणसं खाली आली, सेक्रेटरीसुद्धा. मी घाईघाईने डिकी उघडली. दोन्ही दिवे एकदम लागले आणि त्या झगझगीत उजेडात, पांढऱ्या भुवयांचे दत्ताअण्णा सगळ्या सोसायटीकडे बघून हसत होते.

"ओक्के," ते सेक्रेटरींना म्हणाले. "तुमच्या डिकीत आहे का?"

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, खड्ड्यांत सांधे टिकतात का ते बघायला पाहिजे, मला एकदा तुमच्या रस्त्यांवरनं फिरवून आणा. म्हणून ते माझ्याबरोबर होते. संध्याकाळी परत निघायच्या बेतात असताना फोन आला. आनेकलच्या पलीकडे गौरम्मा म्हणून एक बाई आहे, दोन गाई आणि नाचणीचा तुकडा, एवढंच तिचं. तिची पहिलटकर गाय दुपारपासून अडली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि गावातला करंट गेला होता. गोठ्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसता गाईचा घुसमटलेला श्वास ऐकू येत होता. मी काही बोलायच्या आत अण्णा खाली उतरून हात हलवायला लागले. "घ्या मागं. घ्या, घ्या. स्वल्प डावीकडं. बस्स!" गाडीची पाठ गोठ्याच्या तोंडाला लागली. त्यांनी झाकण वर केलं.

गोठा उजळला. गौरम्मा "अय्यो" म्हणून एक पाऊल मागे सरली. गाईचे डोळे चमकले. मला सगळं दिसलं. वासराचा एकच पाय बाहेर होता, दुसरा आत दुमडलेला. मी हातमोजा चढवला आणि हात आत घातला. तो पाय चुकवून नुसतं ओढलं तर वासरूही जातं आणि गाईलाही इजा होते. बोटांना गुडघा लागला, मग खूर. खूर मुठीत झाकून सावकाश वळवत वाटेवर आणला. घाम डोळ्यांत जात होता. दोन्ही पायांना दोर बांधून मी मागे न बघता म्हटलं, "अण्णा, दोर धरा. मी सांगेन तेव्हाच ओढायचं, आणि खालच्या बाजूला."

ते आले. त्यांनी गाईकडे बघितलं नाही, डोळे गच्च मिटले होते. पण दोर बरोबर धरला.

"आता!"

"जा की, बाई," अण्णा पुटपुटले. "ये की. ये. ये गं."

तीन वेळा गाईने जोर केला, तीन वेळा आम्ही ओढलं, आणि वासरू धप्पकन गवतावर आलं. कालवड होती. हलत नव्हती. मी नाकातला चिकटा काढला, नाकात काडी फिरवली, छाती चोळली. काही नाही. पुसायला पोतं मागितलं तर गौरम्मा अंधारात पळाली. तेवढ्यात माझ्या बाजूला कुणीतरी गुडघ्यांवर बसलं. अण्णांनी अंगातला शर्ट काढला होता, टेस्टरसकट, आणि त्याने ते त्या ओल्या पोराला खसाखसा चोळत होते, डोळे सताड उघडे.

कालवड शिंकली. मग एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा.

"सप्लाय आला!" अण्णा ओरडले. "डॉक्टरबाई, सप्लाय आला!"

गौरम्मा पोतं घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. गाईने वळून पिलाला चाटायला सुरुवात केली. अण्णा बनियनवर, गुडघ्यांपर्यंत भिजलेले, मधेच उभे होते आणि दोन्ही मुठी वर करून हसत होते. माझ्या कामात मी पुष्कळ वासरं ओढली आहेत. पण त्या दिवशी इतका उजेड होता की मला पिलाच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

यानंतर दोन-अडीच महिने गेले. एका गुरुवारी मी लस टोचायला गौरम्माकडे गेले, न कळवता. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी कालवडीची चौकशी केली.

"चांगली आहे, डॉक्टरम्मा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "पण आमचं ऐकत नाही. आम्ही 'बा बा' म्हणून बोलावलं तर ढिम्म. 'ये गं' म्हटलं की उड्या मारत येते. कन्नड कळतच नाही तिला."

"'ये गं' तिला कुणी शिकवलं?"

गौरम्माने सुपातून मान वर केली. "तुम्हाला ठाऊक नाही? अज्जा दर गुरुवारी येतात की. बसने. सगळ्या गोठ्याचं वायरिंग करून दिलं. ते काम केव्हाच संपलं, तरी येतात. तिच्याशी बोलत बसतात. काय बोलतात ते मला कळत नाही. तुमच्या भाषेत असतं." मग गोठ्याकडे मान करून म्हणाली, "आत्ताही आत आहेत."

मी गोठ्यापाशी गेले. भिंतीआडून अण्णांचा आवाज येत होता. त्यात वायर नव्हती, फ्यूज नव्हता. बारीक, सावकाश, घरातला आवाज.

"...तर मुलाचा फोन आला काल. पोराला दिला त्यानं. पोरगा म्हणतोय, हाय ग्रँडपा. मी म्हटलं, जेवलास काय रे? त्याला काय कळंना. मुलगा त्याला इंग्लिशमधनं सांगतोय, आजोबा काय विचारतात ते. तू असतीस तर म्हटली असतीस, तुम्हीच शिका की इंग्लिश. शिकतो बाई. पण जेवलास काय हे इंग्लिशमधनं विचारल्यासारखं वाटत नाही बघ. हां, तर वांगी आणली होती. भरून केली. तुझ्यासारखी. खाली लागली..."

अण्णांची बायको, अक्का, वारून चार वर्षं झालीत, हे मला कधीतरी घरमालकिणीने सांगितलं होतं. अण्णांच्या घरी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मात्र माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी रोज त्यांच्या दारासमोरून ये-जा करत होते, आणि ते मला वायरीबद्दल सांगत होते.

माझा पाय बादलीला लागला. अण्णा दचकून वळले. कालवडीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"अर्थिंग बघायला आलो होतो," ते म्हणाले. कान लाल झाले होते.

मी औषधाची पेटी खाली ठेवली. पायाशी पडलेली ती बादली पालथी केली आणि त्यांच्या शेजारी बसले.

"बरं," मी म्हटलं. "मग वांग्याचं काय झालं?"